खोलीला प्रश्न न विचारणाऱ्या मॅडम

नागपूरच्या भर मे महिन्यात आमच्या मॅडम ऑफिसात स्वेटर घालून बसायच्या. बिस्किटी रंगाचा, दोन्ही कोपरांवर ठिगळं लावलेला. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं आणि आत मॅडमची खुर्ची नेमकी एसीच्या झोतात. जागा बदला, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मॅडम म्हणायच्या, "इथून दार दिसते. कोन आलं ते मले आधी कळलं पाहिजे. थंडीचं काय, थंडीले स्वेटर आहे."

मॅडम तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. सुती साडी, खाली पळायचे पांढरे बूट, आणि टेबलाशी बसलं की ते बूट काढून शेजारी जोडीनं ठेवलेले. मूळच्या नागपूरजवळच्या कुहीकडच्या. ऑफिसात सगळे इंग्रजी-हिंदी-मराठीची खिचडी बोलायचे, मॅडम मात्र साहेबांशीही कुहीचंच बोलायच्या. संगणकाच्या पडद्यावर त्या जे लिहायच्या ते सगळं इंग्रजीत असायचं आणि त्यात चूक सापडायची नाही. पण ते मोठ्यानं वाचताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत मला भाजी घेता येते, भांडता येत नाही. ऑफिसात बोलावं लागलं की मी आधी मनात इंग्रजीत वाक्य तयार करायचे, मग त्याचं मराठी करायचे, आणि तोपर्यंत विषय बदललेला असायचा. त्यामुळे मी बहुतेक वेळा बघत बसायचे. बघण्यासारख्या मॅडम होत्या.

मॅडमना चिठ्ठ्या लावायची सवय होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा केला होता, तो स्वेटरच्या खिशात असायचा. पंख्याच्या बटणांवर चिठ्ठी, चहाच्या थर्मासवर चिठ्ठी, स्वतःच्या डब्यावर चिठ्ठी. डब्यावर लिहिलेलं असायचं: 'भाजी वांग्याची. मालक मी. उघडायची वेळ एक.' एकदा साहेबांनी चेष्टेनं विचारलं, "मॅडम, तुमचाच डबा, तुम्हीच भरला, तरी चिठ्ठी?"

"सकाळी भरनारी मी वेगळी आन् दुपारी खानारी वेगळी," मॅडम म्हणाल्या. "तिले काय माहीत आत काय आहे? मंग चारही डबे उघडून पाहत बसनार."

मॅडमची दुसरी खोड जरा त्रासदायक होती. त्या कधी खोलीला प्रश्न विचारत नसत, आणि कुणी विचारलेला खपवूनही घेत नसत. "अरे, कोणाला माहीत आहे का, प्रिंटर का बंद आहे?" असं कुणी मोठ्यानं म्हटलं की त्या मान वर करायच्या.

"कोनाले विचारून राहिला?"

"सगळ्यांना."

"सगळ्याइले कायले? प्रिंटर कोन पाहते? त्याच्यापाशी जा. खोलीले तोंड आहे काय उत्तर द्याले?"

ऑफिसच्या ग्रुपवर कुणी 'एनीवन नोज?' असं टाकलं की खाली मॅडमचं एकच उत्तर यायचं: 'नाव टाका.' नवीन मुलं वैतागायची. मी कधी कुणालाच काही विचारत नसल्यामुळे मला तो त्रास नव्हता.

ही खोड मॅडमनी टेलिफोन खात्यातून आणली होती. तरुणपणी त्या कानाला हेडफोन लावून लोकांना नंबर सांगायचं काम करायच्या. समोर जाडजूड डिरेक्टरी, आणि पलीकडून कुणीतरी ओरडायचं, "देशमुखांचा नंबर द्या." नागपुरात देशमुख किती, याचा हिशोब देवाकडेही नसेल. बाकीच्या मुली पहिल्या देशमुखापासून सुरुवात करायच्या: धंतोलीचे का? महालातले का? मॅडम आधी एकच विचारायच्या, "घर पाहिजे का दुकान का दवाखाना?" एवढं कळलं की पुस्तकाचं नेमकं पान उघडायचं. "नाव मंग पाहता येते वं," त्या मला सांगायच्या. "आधी जात इचारायची." मग माझा चेहरा बघून हसायच्या. "तशी नाई. वस्तूची जात. मले माणसाच्या जातीचं कौतुक असतं तं आमच्या घरच्याइनं धम्म कायले घेतला असता?"

खात्यातली ती कामं संपली तेव्हा मॅडम संगणक शिकल्या. कुठे, कशा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या छोट्या कंपनीत त्या डिरेक्टरी सर्व्हर सांभाळायच्या. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे माणसांच्या नोंदींची यादी सांभाळणारं यंत्र. कार्ड दाखवा, पासवर्ड टाका, कुठेतरी ते यंत्र यादी चाळून सांगतं, हा आपला आहे, आत सोडा. मॅडमना त्यात नवीन काही वाटलं नाही. "काम तेच आहे," त्या म्हणायच्या. "फक्त आता कोनी ओरडत नाही."

माझी मुलाखत मॅडमनीच घेतली होती. साहेब शेजारी बसले होते. मी घरून प्रश्नांची उत्तरं पाठ करून गेले होते. मॅडमनी पर्समधून एक कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "उघड."

अकरा किल्ल्या होत्या. मी पहिली लावली, दुसरी लावली.  नवव्या किल्लीला कुलूप उघडलं. मला वाटलं, जमलं.

"कुलूप पाहिलं काय आधी?" मॅडमनी विचारलं. कुलपाच्या पोटावर बारीक आकडे कोरलेले होते आणि तेच आकडे नवव्या किल्लीवरही होते. साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. "नाही जमलं तरी चालते," त्या साहेबांना म्हणाल्या. "पोरीनं किल्ल्या क्रमानं लावल्या, एक किल्ली दोनदा नाई लावली. घ्या हिले." मला सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर नोकरी मिळाली.

माझ्या पाचव्या महिन्यात गेट नंबर तीनचं प्रकरण झालं.

हिंगण्याच्या एका कारखान्याच्या गेटांचं काम आमच्याकडे होतं. तिथे कामगार यंत्राला कार्ड टेकवतो, यंत्र आमच्या सर्व्हरकडून त्याची नोंद मागवतं. पण नोंद म्हणजे नुसत्या कोरड्या ओळी. त्या ओळींवरून आमच्या प्रोग्रॅमला कळावं लागतं की हा कायम कामगार आहे, ड्रायव्हर आहे, शिकाऊ आहे की पाहुणा, म्हणजे कुठल्या गेटनं, कुठल्या पाळीला सोडायचं. नोंदीवरून असा माणूस उभा करणारे प्रोग्रॅमचे वेगवेगळे तुकडे असतात. आमच्या धंद्यात त्यांना फॅक्टरी म्हणतात. हिंगण्याच्या खऱ्या फॅक्टरीशी घोळ नको म्हणून मॅडम त्यांना कारागीर म्हणायच्या. मीही तेच म्हणते.

असे अकरा कारागीर आधीपासून रांगेत बसलेले होते. नोंद आली की पहिल्यापुढे ठेवायची: हे तुझं काम का? तो तपासून नाही म्हणाला की दुसऱ्यापुढे. प्रत्येक जण तपासताना सर्व्हरकडे एक खेप मारून यायचा. मार्चमध्ये कारखान्यानं पॅकिंगच्या कामावर ठेकेदाराकडून सव्वाशे बायका घेतल्या. त्यांच्यासाठी बारावा कारागीर लिहायचं काम मला मिळालं. मी लिहिला आणि रांगेच्या शेवटी बसवला. शेवटी बसवलं की आधीचं काही मोडत नाही, असं मला वाटलं. एक कार्ड टेकवून बघितलं, हिरवा दिवा लागला. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

मे महिन्याच्या शेवटी कारखान्यातून मेल आली की तीन नंबरचं गेट हळू चालतं. साहेबांनी उभं राहून विचारलं, "कोणी बघतंय का हे?"

सगळ्यांनी आपापल्या पडद्यात डोकं घातलं. मला वाटलं आता मॅडम त्यांना टोकतील. पण त्यांनी फक्त साडीचा पदर खोचला आणि बूट घालायला घेतले. "उद्या सकाळी गेटवर जाऊन येतो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू चाल."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही मॅडमच्या स्कूटीवरून हिंगण्याला पोचलो. मोटरसायकलींची एक लांब माळ आत शिरत होती. एक नंबरच्या गेटवर कायम कामगार कार्ड टेकवून चालता चालता आत जात होते. तीन नंबरला बायकांची रांग पार कुंपणापर्यंत होती. यंत्र पावणेसातला सुरू व्हायचं, सातनंतर लेट मार्क. एकेका कार्डाला दिवा हिरवा व्हायला आठ-नऊ सेकंद लागत होते. मी मोजत होते, आणि मोजता मोजता मला कळलं. अकरा नकार, मग माझा बारावा.  मी मोजणं थांबवलं.

मॅडम रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, जणू त्यांनाही पॅकिंगला जायचं आहे. पुढे प्रमिला नावाची एक बाई होती, माझ्याहून थोडी मोठी, हातात डब्याची पिशवी.

"नवीन हाय काय बाई?" तिनं विचारलं.

"नवीनच समज," मॅडम म्हणाल्या. "तू काहून मागं उभी? पुढं जागा होती तवा तं झाडाखाली बसली होती."

"आज माही पाळी हाय."

"कायची पाळी?"

प्रमिलानं सांगितलं ते असं. त्यांना आणणाऱ्या दोन्ही बस ठेकेदाराच्या, रोज साडेसहाच्या आत येतात. पण रांग सरकतच नाही. शेवटच्या पंधरा-सोळा जणींचे सात वाजून जातात आणि लेट मार्क पडतो. ठेकेदाराचा नियम असा की महिन्यात तीन मार्क चालतात, चौथा पडला की पुढच्या महिन्याच्या यादीतून नाव गेलं. त्याला सांगायला गेल्या तर म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही. मग बायकांनी आपसात ठरवलं. रोज सोळा जणींनी मुद्दाम शेवटी उभं राहायचं, पाळीपाळीनं. एकीच्या वहीत सगळ्यांची नावं आणि तारखा. कुणालाच चौथा लागू द्यायचा नाही.

मॅडमचे डोळे चमकले. "वही कोनाजवळ आहे?"

वही आली. शाळेची, आडव्या रेघांची. मॅडमनी ती उभ्याउभ्या पूर्ण वाचली. "पाह्य," मला म्हणाल्या, "याइनं तुह्यापेक्षा चांगलं लिहिलं."

"पर आता सरलं ना बाई," प्रमिला म्हणाली. "आज माहा तिसरा. सगळ्याइचे तीन-तीन भरले. महिन्याचे तीन दिवस हाय अजून. उद्यापासून जे मागं राहीन तिचं नाव कटते. आज गाडीत त्याच्यावरूनच भांडण झालं. एक म्हणे लेकरंवाल्या पुढं, एक म्हणे म्हाताऱ्या पुढं."

"आन् तू काय म्हणाली?"

"मी काय म्हननार. मले लेकरंबी हाय आन् सासूबी याच रांगेत हाय."

रांग सरकली. प्रमिलाच्या कार्डाला दिवा हिरवा झाला तेव्हा सात वाजून तीन मिनिटं झाली होती. परत निघताना मॅडम गार्डच्या टेबलाशी थांबल्या, बस आत येण्याच्या वेळा लिहिलेलं त्याचं रजिस्टर चाळलं, आणि त्याच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता त्याखाली लग्नपत्रिकेची घडी घालून दिली.

ऑफिसात येऊन त्यांनी पडद्यावर कारागिरांची रांग उघडली. बाराव्याच्या पुढे माझं नाव होतंच, कारण जो लिहितो त्याचं नाव तिथे आपोआप राहतं. मी मागे उभी होते. बोलणी खायची तयारी करून आले होते.

"नोंद उघड एखादी," मॅडम म्हणाल्या. "प्रमिलाचीच उघड. वरून चौथी ओळ वाच."

चौथ्या ओळीत नोंदीचा प्रकार लिहिलेला होता: ठेका कामगार, पॅकिंग. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता. प्रत्येक नोंदीवर असतो.

"मंग अकरा जनाइले काहून विचारून राहिली?"

मी चौथी ओळ पुन्हा वाचली. मॅडमनी खुर्ची सरकवून मला जागा दिली. दुपारपर्यंत आम्ही एक साधा तक्ता केला: हा प्रकार असेल तर हा कारागीर. नोंद आली की प्रकार वाचायचा आणि सरळ त्याच्याकडे जायचं, मधे कुणाला विचारायचं नाही. झाल्यावर मी जुनी रांग पुसून टाकायला निघाले. मॅडमनी माझा हात धरला.

"जुन्या काही नोंदी आहेत, त्याइच्यावर प्रकार लिहून नाही. ज्याच्यावर लिहून नाही त्याले दारातून हाकलशील काय? त्याच्यासाठी रांग राहू दे. उशीर होईन, पन विचारतीन तं त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरच्या सगळ्या बायका सातच्या खूप आधी आत गेल्या. चौथा मार्क कुणालाच पडला नाही. मला वाटलं, संपलं. मॅडमना तसं वाटत नव्हतं. "पडलेले तीन-तीन कुठं गेले?" त्या म्हणाल्या. "ठेकेदार म्हनन, सगळ्याइचे तीन आहेत, या बायाच आळशी. एक तारखेले नवीन यादी करन, आन् तीनवाल्याइले वगळन. तसं तो बोलून राहिला, गार्डनं सांगितलं मले."

त्याच दुपारी कारखान्याचे एक अधिकारी आमच्याकडे बैठकीला आले. ते खूश होते. साहेबही. "आम्ही सिस्टिमचा वेग वाढवला," साहेब म्हणाले. लेट मार्कांचं कुणी काढलं नाही. चहा झाला. उठता उठता अधिकाऱ्यांनी सहज विचारलं, "पण आधी प्रॉब्लेम काय होता?"

साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "कोणी सांगेल का?"

मी मॅडमकडे बघितलं. माझ्या प्रोबेशनचा कागद साहेबांच्या सहीसाठी गेलेला आहे हे त्यांना माहीत होतं, मलाही. मॅडम स्वेटरची बटणं लावत होत्या, वरपासून एकेक, अगदी सावकाश. त्या बोलल्या असत्या तर माझं नाव आलंच नसतं. पण चूक माझ्या नावावर होती आणि ती माझ्याऐवजी त्या सांगणार नाहीत, हेही मला दिसत होतं. शेवटचं बटण लागलं. 

"बायका वेळेवर येत होत्या," मी म्हणाले. आवाज नको इतका मोठा निघाला. "माझी चूक होती. त्यांच्या कार्डाला यंत्र सगळ्यात जास्त वेळ घ्यायचं, कारण मी त्यांना शेवटी ठेवलं होतं. सव्वाशे जणी आहेत. शेवटच्यांचे सात वाजायचेच."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "म्हणजे मार्क चुकीचे आहेत?"

"हो. बस कधी आली ते तुमच्याच गार्डच्या रजिस्टरात आहे. कार्ड किती वाजता टेकवलं ते आमच्याकडे आहे. मी दोन्ही लावून यादी देते."

"लेखी?"

साहेबांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबले असते. "लेखी," मी म्हणाले.

यादी मी दोन दिवसांत केली. जिथे कार्डामागून कार्ड सलग टेकवलेलं होतं, तिथे रांग होती आणि बस वेळेत आलेली होती. ते सगळे मार्क खोटे. फक्त दोन ठिकाणी रांग कधीच संपलेली, यंत्र दहा-पंधरा मिनिटं रिकामं, आणि मग एकच कार्ड. ते दोन मार्क खरे होते. त्यातला एक प्रमिलाचा.

मी तो यादीतून गाळायच्या बेतात होते. तीनशेच्या वर मार्क पुसले जात होते, त्यात एक कुणाला दिसला असता? मॅडमनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

"राहू दे. एकानं नाव कटत नाही. आन् हा एक खरा आहे म्हनून बाकीचे खोटे आहेत हे तो अधिकारी मानन."

अधिकाऱ्यांनी मानलं. एक तारखेच्या यादीत सव्वाशेच्या सव्वाशे नावं होती. माझं प्रोबेशन साहेबांनी तीन महिने वाढवलं. मी ते कागदावर वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले. मॅडमनी डब्यातली अर्धी भाजी माझ्या झाकणात काढली. "तीन महिने म्हनजे काय वं. मी टेलिफोनात सात वर्षं टेम्परवारी होती. पक्की झाली तवा ते कामच बंद पडलं."

त्या एक तारखेला मॅडम मला परत हिंगण्याला घेऊन गेल्या. काम काही नव्हतं. मॅडमना रांगेत उभं राहून गप्पा मारायच्या होत्या, असा माझा अंदाज आहे. पण रांगच नव्हती. बस आल्या, बायका उतरल्या, कार्ड टेकवून बोलत बोलत आत गेल्या. प्रमिला तेवढी थांबली. यादीची बातमी तिच्यापर्यंत पोचलेली होती.

"ताई, सगळ्याइचे पुसले, माहा एक काहून ठेवला?"

"त्या दिवशी तुम्ही खरंच उशिरा आला होतात," मी म्हणाले.

तिनं क्षणभर आठवलं. "हाव. गाडी सुटली होती. ऑटोनं आली मी." मग हसली. "मले वाटलं त्या गर्दीत लपून गेला असन." सासू आतून हाक मारत होती, ती गेली.

मॅडम गेटशी बराच वेळ रेंगाळल्या. गार्डशी बोलल्या, टेबल हलवून पाहिलं, समोरच्या टपरीवर चहा घेतला, मलाही पाजला. ऑफिसात पोचेपर्यंत दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. साहेब अजून माझ्यावर नाराज होते. त्यांनी हजेरीच्या रजिस्टरात आम्हा दोघींच्या नावापुढे लाल शाईनं उशिराचा शेरा मारलेला होता. मला वाटलं मॅडम आता साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडतील. त्यांनी चष्मा लावला, शेरा वाचला, घड्याळ बघितलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि खाली सही केली.